थांबा, जळगावला फोन करा

फेब्रुवारी १९९४, महिन्याचा तिसरा सोमवार. जळगाव, मुख्य ऑफिस, वरचा मजला. हजर: शेठ, शेठचे पुतणे, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, धुळे ऑफिसचे आबा, पाचोऱ्याची ऑपरेटर, मी. गैरहजर: एरंडोलचे गुमास्ते, घरात लग्न. चहा दोनदा झाला.

बैठकीची नोंद मी नेहमी अशीच सुरू करते. कोण होतं ते आधी लिहून टाकलं की पुढे "मला कुणी सांगितलंच नाही" हे वाक्य निम्म्याने कमी ऐकू येतं.

आमचा धंदा डाळीचा. शेठच्या आजोबांनी मारवाडातून येऊन सुरू केलेला. मिल जळगावला, खरेदीची ऑफिसं धुळे, पाचोरा आणि एरंडोलला. कॉम्प्युटर एकूण सात, जळगावला चार आणि बाकीच्या तिन्ही ठिकाणी एकेक. ते सगळे माझ्या ताब्यात होते. माझ्या हुद्द्याचं नाव संगणक विभाग प्रमुख, आणि त्या विभागात मी एकटीच.

बैठकीचं कारण वर्तमानपत्रातली बातमी. एक व्हायरस फ्लॉपीवरून मशीनमध्ये शिरतो आणि गप्प बसून राहतो. मार्चमधली एक ठरावीक तारीख आली आणि त्या दिवशी मशीन सुरू केलं, की हार्ड डिस्क पुसून टाकतो. बाकी वर्षभर त्याचा काही त्रास नाही. शेठनी बातमीचं कात्रण चष्म्याच्या घरात ठेवलं होतं. ते टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "बाई, हे आपल्याकडे आहे का?"

मी म्हटलं, आहे की नाही हे आज सांगता येत नाही, सांगता यावं यासाठीच खर्च मंजूर करा. पुण्याहून एक प्रोग्राम मागवायचा, सातही मशीनवर बसवायचा. मशीन सुरू झालं की तो आधी तपासणी करतो आणि काही सापडलं तर इशारा देतो. मग मी जाऊन साफ करते.

भाऊंनी दुसरा उपाय सांगितला. तोही त्याच बातमीत होता. मशीनला तारीख आपणच सांगतो, तर आदल्या संध्याकाळी घड्याळ एक दिवस पुढे करून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन उघडलं की ते एक दिवस पुढची तारीख धरून चालतं, आणि मधली तारीख मशीनला दिसतच नाही. नंतर सवडीने घड्याळ परत मागे घ्यायचं. शेठना हे फार आवडलं. ते म्हणाले, "अमावस्येला आपण माल उचलत नाही, तसंच झालं हे. वाईट दिवस टाळायचा." सगळे हसले. मीही हसले, कारण उपाय चुकीचा नव्हता.

आबांनी एकच प्रश्न विचारला. त्या दिवशीच्या पावत्यांवर तारीख कोणती पडेल?

"दुसऱ्या दिवसाची पडेल, आबा," भाऊ म्हणाले. "एका दिवसाने काय होतं? तुम्ही लग्नाच्या पत्रिका छापताय का?"

शेवटी शेठनी दोन्ही मंजूर केलं, इशारा बसवायचा आणि तारीखही ढकलायची. एक खर्चाचं, एक फुकटचं.

उठताना शेठ आबांकडे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मार्चअखेरचा हिशेब तुमच्या मशीनमधून वेळेवर निघू द्या. निघाला तर धुळ्याचं ऑफिस राहील. नाही निघाला तर जळगावहून बघू." आवाज चढा नव्हता. हे ते दिवाळीपासून अधूनमधून म्हणत होतेच. मी ते नोंदीत घेतलं.

आबांना ऑफिस राहणं किती गरजेचं होतं हे मला माहीत होतं. त्यांची बायको दोन वर्षं अर्धांगवायूने अंथरुणावर होती. घर ऑफिसच्या मागच्या गल्लीत. दुपारी ते जाऊन तिला जेवू घालत, कूस बदलून येत. धुळं बंद झालं तर त्यांना रोज जळगावला यावं लागलं असतं, आणि दुपारी बायकोला जेवू घालायला घरी दुसरं कुणी नव्हतं. मुलं बाहेरगावी. आबा हे कधी बोलून दाखवत नसत. मी धुळ्याला जाई तेव्हा दुपारी ऑफिसला कडी लावून ते निघत आणि मला सांगत, "ताई, अर्धा तास."

प्रोग्राम पुण्याहून आला. लगेच त्याची एक अडचण दिसली. व्हायरस सापडला की तो लाल चौकट दाखवायचा, पण मजकूर इंग्रजीत, आणि कुठलीही कळ दाबली की चौकट निघून जायची. आमच्या लोकांना पडद्यावर अनोळखी काही आलं की कळ दाबायची सवय होती, डास मारल्यासारखी. म्हणजे इशारा मिळाला असता आणि त्याच क्षणी गेलाही असता.

म्हणून मशीन सुरू होताना जी फाइल चालते, तिच्यात मी माझ्या चार ओळी घातल्या. तपासणीत काही सापडलं तर पुढचं काहीच सुरू व्हायचं नाही. मशीन वाजत राहील आणि पडद्यावर मराठी मजकूर येईल. देवनागरी त्या मशीनवर उमटत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिलं: थांबा. जळगावला फोन करा. खाली ऑफिसचा नंबर.

मग एकेक ऑफिस केलं. पाचोऱ्याला ऑपरेटर म्हणाली की मॅडम, हे वाजलं की हमाल विचारतील कुकर लावलाय का. तिला खोटा इशारा देऊन दाखवला, तर खरंच एक हमाल दारात येऊन उभा राहिला. एरंडोलच्या गुमास्त्यांनी दोन ओळी मोठ्याने वाचल्या आणि विचारलं की फोन लागला नाही तर? मी म्हटलं, लागेपर्यंत थांबा, मशीनला हात लावू नका. धुळ्याला गोदामात चाळणी चालू असली की आवाज ऐकूच येईना, म्हणून तिथे वाजणं जास्त वेळ चालेल असं केलं. आबांनी दोन्ही ओळी कार्डावर मोडी वळणाच्या अक्षरात उतरवून घेतल्या आणि कार्ड मशीनला टेकवून ठेवलं. तीस वर्षं वह्या लिहिलेला माणूस. कॉम्प्युटर शिकला तेव्हा पन्नाशी उलटलेली होती. मशीनवर बायकोच्या जुन्या लुगड्याचं झाकण शिवून घातलेलं होतं, आणि ते उघडण्याआधी आबा हात धूत.

सातही मशीनची तपासणी झाली. सगळी साफ निघाली. मी तसं लिहून शेठच्या टेबलावर ठेवलं.

ती तारीख दोन दिवसांवर आली तेव्हा मी पाचोऱ्याला होते, प्रिंटरच्या कामासाठी. त्या दुपारी धुळ्याचं मशीन वाजलं. सकाळी कर सल्लागाराच्या ऑफिसातून एक फ्लॉपी आली होती. ती आत राहिली असताना मशीन एकदा बंद करून चालू केलं, तेवढं पुरलं. आबांनी पडद्यावर लिहिलं होतं तसंच केलं. थांबले. मशीनला हात लावला नाही. जळगावला फोन केला.

फोन भाऊंनी घेतला. भाऊंनी विचारलं, काम अडलंय का? आबा म्हणाले, अडलंय, दोन गाड्या उभ्या आहेत. तेव्हा भाऊंनी त्यांना इशारा बंद करायचा मार्ग सांगितला. कंट्रोल आणि सी एकदम दाबा, पुढे जाईल. आणि उद्या संध्याकाळी तारीख ढकला, ठरल्याप्रमाणे. बस्स.

भाऊंना मशीनमधलं कळत होतं. दोन कळांचं त्यांनी बरोबर सांगितलं होतं.

रात्री मी जळगावला परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ जिन्यात भेटले आणि म्हणाले की धुळ्याचा फोन होता, मी मिटवलं. काय होतं विचारलं तर म्हणाले, तेच व्हायरसचं, तारखेचं सांगितलंय त्यांना. मी शेठकडे गेले आणि म्हटलं, मला आजच धुळ्याला जायला हवं, साफ करायची फ्लॉपी माझ्याकडे आहे, तिथे दुसऱ्या कुणाला ते जमणार नाही. शेठ म्हणाले की जळगावची चार मशीन सोडून तुम्ही एका मशीनमागे कशाला जाता? तारीख ढकलली की तो दिवस धुळ्यात येतच नाही. उद्या इथे थांबा, परवा जा.

हा हिशेब चुकीचा नव्हता. मी परवाच्या कामांत धुळे पहिलं लिहिलं. आबांना फोन करून सांगितलं की परवा येते, आज संध्याकाळी तारीख ढकला आणि मी येईपर्यंत ती पुढेच राहू द्या. ते बरं म्हणाले.

ती तारीख आली. जळगावची चारही मशीन नीट सुरू झाली. पाचोरा, एरंडोल, दोघांचाही फोन आला, ठीक आहे म्हणून. धुळ्यालाही सकाळी मशीन नीट सुरू झालं, कारण त्यात पुढची तारीख होती. वाजलं, आबांनी दोन कळा दाबल्या आणि काम चालू केलं.

संध्याकाळी ऑफिस बंद होण्याच्या सुमाराला धुळ्याचा फोन आला. या वेळी मीच घेतला. आबा ऑफिसात नेहमी शुद्ध मराठी बोलत. त्या दिवशी ते अहिराणीत म्हणाले, "ताई, बठ्ठं गयं." सगळं गेलं.

मी विचारलं, मशीन चालू आहे का? आहे. पडद्यावर काय आहे? एक ओळ. वाचा. त्यांनी एकेक अक्षर वाचलं. मी म्हटलं, बंद करा, सकाळी येते. फोन ठेवल्यावर समोरच्या कागदावर जे लिहायचं राहिलं होतं ते पूर्ण केलं. मला काही वाटत नव्हतं. घरी जाऊन भाकरी केली, जेवले.

सकाळच्या पहिल्या गाडीने धुळ्याला पोचले. आबा पायरीवर बसले होते. आत गेल्यावर त्यांनी लुगड्याचं झाकण काढलं, घडी घातली आणि काय झालं ते क्रमाने सांगितलं.

दिवसभर पावत्या पुढच्या तारखेच्या निघत होत्या. ते प्रत्येक पावतीवर पेनाने तारीख दुरुस्त करून सही करत होते. संध्याकाळी साक्रीकडचा एक शेतकरी हरभरा देऊन गेला. पावती घेऊन तो दारापर्यंत गेला आणि परत आला. खोडलेली तारीख दाखवून म्हणाला, "आबा, हाई तारीख आजनी नही शे. मंग मी सकाय येऊ का?" सकाय म्हणजे उद्या. बाजूचे लोक हसले. त्याला खाडाखोडीचा कागद नको होता. बँकेत दाखवायचा होता.

"त्याचं चुकलं नव्हतं, ताई," आबा म्हणाले. "उद्याची तारीख घातलेला कागद म्हणजे वायदा झाला. ती पावती नाही. तीस वर्षांत माझ्या हातून असा कागद गेला नाही. आणि दिवस तर संपतच आला होता."

दिवसाची बेरीज मारून वही बंद करायची ती त्याच दिवसाच्या तारखेने, हे त्यांच्या हातात बसलेलं होतं. पेढीवर वाढलेल्या माणसाची ती रीत. मागची तारीख घालणं लबाडी, पुढची घालणं त्याहून वाईट. घड्याळ नंतर मागे घ्यायचं आहे हे भाऊंनी बैठकीत सांगितलंच होतं. आबांनी ते त्याच संध्याकाळी मागे घेतलं. आणि आमचा हिशेबाचा प्रोग्राम तारीख मशीन सुरू होतानाच वाचतो, म्हणून मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

इशारा वाजायला वेळच मिळाला नाही. व्हायरस माझ्या चार ओळींच्या आधी चालतो.

मी आणलेल्या फ्लॉपीने मशीन चालू करून पाहिलं. जे पाहायचं होतं ते दिसलं, म्हणजे काहीच दिसलं नाही. शेवटची प्रत जानेवारीअखेरची होती. त्यापुढची सगळी आवक, हंगामातली सगळ्यात मोठी, फक्त पावत्यांच्या कार्बन प्रतींत उरली होती. मी पुढे काय करायचं ते लिहिलं. डिस्क नव्याने तयार करणं. प्रोग्राम टाकणं. जानेवारीची प्रत चढवणं. बाकीच्या पावत्या हाताने भरणं. वरची तीन कामं दुपारपर्यंत झाली. चौथं मार्चअखेरपर्यंत चाललं असतं, आणि रोजची नवी आवक त्यात भर घालत होती.

आबांनी विचारलं, "शेठना काय सांगाल?"

मी म्हटलं, जे झालं ते. फोन आधी आला होता हेही.

ते म्हणाले, "भाऊंचं नाव नका घेऊ. घरातलं माणूस आहे. माझंच नुकसान जास्त होईल."

मी घेतलं. शेठनी ऐकलं. कात्रण अजून टेबलावर होतं, ते त्यांनी उलटं केलं. म्हणाले की भाऊ बोलला ते बरोबरच होतं, तारीख पुढेच ठेवा म्हणून तुम्हीही सांगितलं होतं. आबांनी मागे का घेतली? मी पावतीचं सांगितलं. शेठ स्वतः पेढीवर वाढलेले. ते म्हणाले, "मी असतो तर मीही घेतली असती." मला वाटलं, विषय संपला. पण ते पुढे म्हणाले, "हिशेब मात्र वेळेवर हवा."

आबा पावत्या भरायला बसले. सकाळी ऑफिस उघडायच्या आधी, दुपारी घरून आल्यावर, संध्याकाळी लोक गेल्यावर. मी आठवड्यातून दोन दिवस जाऊन बसत होते. एक जण वाचायचा, एक जण भरायचा. वजन, दर, गाव, नाव. त्यांची बोटं हळू चालत, पण चूक नसे. मधेच ते उठून घरी जात आणि परत येऊन त्याच पावतीवर बोट ठेवत. बोलणं फारसं होत नसे. एकदा ते म्हणाले की तुमच्या त्या दोन ओळींत "थांबा" असं लिहिलंय, ते कुठवर थांबायचं ते लिहिलं असतं तर बरं झालं असतं. तक्रार नव्हती. सांगितलं, इतकंच. मी म्हटलं, बरोबर आहे.

मार्चचा शेवटचा आठवडा आला तेव्हा निम्म्याहून थोडं जास्त झालं होतं. शेठनी जीप पाठवली. निरोप असा की उरलेल्या पावत्या जळगावला आणा, इथे चार मशीन आहेत, चार जण बसवून दोन दिवसांत भरू. व्यवहाराच्या दृष्टीने योग्यच होतं. त्यांच्या जागी मी असते तरी तेच सुचवलं असतं. फक्त कागद जळगावला गेल्यावर हिशेब जळगावला निघणार होता, आणि हिशेब जळगावला निघाला की धुळ्याला टेबल लागत नाही. हे आबांना सांगावं लागलं नाही. त्यांनी पावत्यांचे गठ्ठे स्वतः बांधले, प्रत्येक गठ्ठ्यावर पहिल्या आणि शेवटच्या पावतीचा नंबर घातला. जीपच्या ड्रायव्हरने गठ्ठे फेकायला सुरुवात केली तर त्याला म्हणाले, "दादा, कागद शे, गोणी नही."

मशीनही जीपमध्ये गेलं. झाकण त्यांनी काढून ठेवून घेतलं.

हिशेब वेळेवर निघाला. शेठनी आबांना जळगावला जागा देऊ केली, पगार तोच. आबांनी दोन दिवस मागून घेतले आणि नाही म्हणून कळवलं. पाडव्याच्या आधी ऑफिसची किल्ली माझ्याकडे आणून दिली, एसटीने येऊन, त्याच गाडीने परत जाण्यासाठी. मी चहा मागवला. त्यांनी अर्धा कप घेतला, घड्याळ पाहिलं. नंतर ऐकलं की ते धुळ्यातल्याच एका किराणा दुकानात सकाळची वही लिहितात. दुपारी घरी असतात.

त्या एप्रिलमध्ये मी दुसरा कागद केला. पहिला होता ऑफिसांसाठी, मशीन वाजलं तर काय करायचं. हा जळगावसाठी, मशीन वाजल्याचा फोन आला तर काय करायचं. मशीन बंद करायला सांगणे. इशारा कुणालाही बंद करू न देणे. तारखेला हात न लावू देणे. त्या दिवसापुरत्या पावत्या हाताने फाडायला सांगणे. विभाग प्रमुख फिरतीवर असेल तर तिला निरोप पोचवणे. सगळ्यात वर जागा ठेवली: फोन घेणाऱ्याचं नाव.

भाऊंना विचारलं. ते म्हणाले, मी आता यात पडणार नाही. हिशेबनीस म्हणाले, मला मशीनमधलं कळत नाही. टेलिफोनवर बसणारी मुलगी म्हणाली, मी जोडून देईन, पण कुणाला ते सांगा. शेठना विचारलं.

"तुम्हीच घ्या, बाई."

"मी पाचोऱ्याला असले तर?"

"तेव्हा बघू."

याला पाच वर्षं झाली. मशीन आता अकरा आहेत. इशारा सगळ्यांवर बसवला आहे आणि दर महिन्याला पुण्याहून येणारी फ्लॉपी मी स्वतः सगळीकडे नेते. दुसरा कागद तीन वेळा नव्याने टाइप केला, टेलिफोनच्या वर चिकटवला आहे. नावाची जागा अजून भरायची आहे.